बंकरमधला सत्कार

मी फौजेत लांगरी होतो. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड एवढ्या एका गोष्टीवरून झाली. शिक्षण माझं चौथी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मुलगा अमेरिकेत बॉथेलला असतो. कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सून पुण्याची, तीही नोकरी करते. मी त्यांच्याकडे उन्हाळ्यात आलो. आल्याच्या पहिल्या आठवड्यात गॅसवर भाकरी शेकायला गेलो, तर छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटायला लागला. मुलगा मीटिंग सोडून धावत आला आणि त्या भोंग्याखाली टॉवेल हलवत उभा राहिला. सून म्हणाली, "आण्णा, राहू द्या हो. तुम्हाला कुठे सवय आहे याची?" मला वाटलं, पोर अदबीनं बोलतेय. मी परात खाली ठेवली.

पुढे मराठी मंडळाची सहल निघाली. बोटीत गाडी चढवून पलीकडे जायचं, तिथे समुद्राकाठी एक जुनी लष्करी जागा आहे. टेकडीच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातलं मुख्य ठाणं. साहेबलोक तिथून तोफांना हुकूम सोडायचे. आता त्याचं म्युझियम केलंय. मुलगा म्हणाला, "आण्णा, तुम्हाला आवडेल. तुमच्याच लाइनचं आहे."

बंकरात मी राहून आलोय. पैसे देऊन बंकर बघायला जाणारी माणसं पहिल्यांदाच पाहत होतो. पण गेलो.

लोखंडी दार, आत लांब बोळ, भिंतीला चुन्यासारखा पांढरा रंग. बाहेर ऊन होतं आणि आत हाडात शिरणारा गारठा. दाखवायला एक म्हातारा अमेरिकन होता, माझ्याच वयाचा, ताठ उभा राहणारा. तो इंग्रजीत सांगायचा, मुलगा मला थोडं थोडं मराठीत सांगायचा. मोठ्या टेबलावर नकाशा आणि त्यावर टाचण्या. काळे टेलिफोन पुसून चकचकीत ठेवलेले. मुख्य साहेबाची खाट, तिच्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, खुंटीला टोपी. साहेब आत्ता उठून गेला असावा, अशी सगळी मांडणी. मंडळाची माणसं फोन कानाला लावून फोटो काढत होती.

मी मुलाला म्हणालो, "विचार त्याला, इथं रांधत कुठं होते?"

"आण्णा, ते काय विचारायचं?"

"इतकी माणसं महिनोन्‌महिने जमिनीखाली होती. काय टाचण्या खात होती?"

त्यानं विचारलं. म्हाताऱ्यानं बोळाच्या टोकाच्या दाराकडे हात केला आणि काहीतरी बोलून हसला. मुलगा म्हणाला, "तिथे बघण्यासारखं काही नाही म्हणतोय." मी गेलोच. दार उघडंच होतं. आत घडीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, एक व्हॅक्यूम क्लीनर, रंगाचे रिकामे डबे. मोठ्या चुलाण्याची काळी खूण तेवढी भिंतीवर राहिली होती. ज्यानं तिथं जन्माची धग खाल्ली, त्याची एक पळीसुद्धा कुणाला जपून ठेवावीशी वाटली नाही. साहेबाचा दाढीचा ब्रश मात्र काचेत होता.

तोंड कडू करूनच मी परत नकाशाच्या खोलीत आलो, तर तिथे सगळे गोल करून उभे. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे नागपूरचा एक हसरा गडी. त्याच्या हातात शाल आणि नारळ. म्युझियमचा म्हातारा नारळाकडे बघून काळजीत पडला होता. अध्यक्षानं त्याला समजावलं की आम्ही तो इथे फोडणार नाही.

"काका, या, मध्ये या! आज तुमचा सत्कार आहे. सरप्राइज!"

मुलगा पुढे झाला. फोनवर लिहून आणलेलं वाचायला लागला. "माझे वडील, ज्यांनी सरहद्दीवर शत्रूशी समोरासमोर झुंज दिली, ज्यांनी छातीवर..."

छातीवर काय, ते त्यालाच ठाऊक. मी हात वर केला. "थांब."

तो थांबला. मला सून दिसत होती. ती कौतुकानं मोबाइलमध्ये सगळं उतरवून घेत होती. तिच्या तोंडाकडे बघून मला एकदम उमगलं, की हिला माहीतच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि सासरा काय काम करत होता हे हिला कुणी सांगितलेलंच नाही. तिला खरंच वाटत होतं, की मला परातीची सवय नाही.

मी म्हणालो, "मंडळी, मी कुणाशी झुंजलो नाही. मी लांगरी होतो. पलटणीचा स्वयंपाक करत होतो. ज्यांनी झुंज दिली, ते माझ्या हातचं जेवत होते. शाल घालायची असेल तर असं बोलून घाला, नाहीतर घालू नका."

मग अध्यक्ष हसला. "बघा, बघा! जुनी माणसं अशीच राहतात. काका, काहून इतकं लाजता हो?"

"लाजतोय कुठं? सांगतोय."

"किती डाऊन टू अर्थ आहेत काका!" कुणीतरी बाई म्हणाली, आणि टाळ्या सुरू झाल्या.

मी आवाज चढवला. "अहो, मी कणीक मळत होतो!" तर टाळ्या आणखी वाढल्या. मी खरं बोललो, ते त्यांनी विनयात जमा करून टाकलं. मागून एक पोरगा म्हणाला, "कुक असो की कर्नल, आर्मी म्हणजे आर्मी यार!" दुसरा म्हणाला, "मग काका, पुढच्या पिकनिकला मटण तुमच्याकडे! आर्मी स्टाइल!" सगळे खो खो हसले. तेवढ्यात अध्यक्षानं शाल माझ्या खांद्यावर टाकलीसुद्धा.

म्हाताऱ्या अमेरिकनानं मुलाला विचारलं, काय चाललंय? मुलानं त्याला काहीतरी सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण फौजेत पंधरा प्रकारचे साहेब जेवू घातलेत, त्यानं खरं सांगितलं नाही तेवढं कळतं. मी त्या म्हाताऱ्याकडे वळून छातीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "आय कुक. आर्मी कुक." तो म्हणाला, "ग्रेट, ग्रेट," माझा हात हलवला, आणि लगेच पुढच्या लोकांना नकाशा दाखवायला गेला. झालं. आपल्या पलटणीतला माणूस भेटावा तसं काही होईल, असं मला उगाच वाटलं होतं.

मी शाल काढली, तिची घडी केली, आणि त्या नकाशाच्या टेबलावर टाचण्यांच्या मधोमध ठेवली. नारळही ठेवला. म्हाताऱ्याचा जीव वरखाली झाला. "डोंट टच, डोंट टच" करत तो धावला. टाळ्या थांबल्या त्या तेव्हा.

परत येताना गाडी मुलगा चालवत होता. सून म्हणाली, "आण्णा, म्हणजे खरंच? तुम्ही स्वयंपाक करायचात? मग इतके दिवस माझ्या हातच्या वातड पोळ्या खाल्ल्यात आणि बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"मला कुणी सांगितलंच नाही!" असं म्हणून तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. तो समोर रस्त्याकडे बघतच मला म्हणाला,

"चार लोकांत शाल अशी टेबलावर टाकतात का आण्णा? त्या लोकांशी माझं रोजचं उठणं-बसणं आहे."

"आणि चार लोकांत बापाचा धंदा बदलतात?"

"धंदा नाही बदलला. जरा..." मग तो चिडला. "तुम्हाला काय माहीत? गावच्या शाळेत सगळ्यांचे वडील फौजेत बंदूकवाले होते. मला पोरं भटारखाना म्हणायची. डबा उघडला की म्हणायची, काय रे, पलटणीचा चोरून आणलास का? दहावीपर्यंत. तुम्ही वर्षातून एकदा यायचात. कुणाला सांगणार होतो मी?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत झालं म्हणून पाझर फुटला, असं खोटं लिहिणार नाही. मला रागच आला. ज्या पोरांनी त्याला चिडवलं, त्यांच्या बापांना मी जेवायला घालत होतो. लढाईत दिवसा धूर दिसू द्यायचा नसायचा, म्हणून अंधारात रांधायचं आणि पाठीवर पुऱ्यांची पोती घेऊन मोर्च्यावरच्या खंदकापर्यंत वाकून जायचं. वर तोफा चालू. तिथले जवान एका हातात बंदूक धरून दुसऱ्या हातानं खायचे, आणि वर माझीच टर उडवायचे, "काय लांगरी, आज मीठ दुश्मनाला दिलंस काय?" एकदा गोळा जवळ पडला आणि भाजीचं पातेलं उलटलं. मी रांगत परत गेलो आणि दुसरी भाजी घेऊन आलो. कुणी हुकूम दिला नव्हता. यात लपवण्यासारखं काय आहे, ते मला कुणीतरी सांगा.

मी मुलाला म्हणालो, "लहान होतास तेव्हा लपवलंस, ते समजलं. आता तर मोठा साहेब झालास. आता कोण चिडवतंय तुला?"

तो म्हणाला, "आण्णा, विषय संपला."

"मग मंडळाला फोन कर आणि खरं काय ते सांग."

"विषय संपला म्हटलं ना."

त्यानं फोन केला नाही. मीही अडून बसलो, आणि अजून बसलोय. सून रविवारी कणीक माझ्यापुढे ठेवते, खिडक्या उघडते, भोंग्याला प्लास्टिकची पिशवी बांधते. तेवढं बरं चाललंय. मुलगा पोळी खातो, चांगली झालीय असं म्हणत नाही. मीही विचारत नाही.

इथल्या बागेत, दुकानात मराठी माणसं भेटतात. माझं नाव आता फौजीकाका पडलंय. कुणी मागून हाक मारतं, "ओ फौजीकाका, लढाईची एखादी गोष्ट सांगा की!" मी वळून बघत नाही. लांगरीकाका म्हणा, लगेच थांबतो. तसं कुणी म्हणत नाही. ती माणसं मग मुलाकडे बघतात, आणि मुलगा त्यांना हळू आवाजात सांगतो की आण्णांना हल्ली कमी ऐकू येतं.