शाफ्टवरचं पिवळं झाकण

पऱ्हाटीची कुट्टी करणारं यंत्र आमच्या दारात आलं, तेव्हा अर्धं गाव अंगणात जमलं होतं. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पऱ्हाटी. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं हे यंत्र तिचा जागच्या जागी भुगा करतं. ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत एक लोखंडी शाफ्ट जातो आणि काम चालू असलं की तो गरगर फिरत असतो. त्यावर पिवळं झाकण होतं. झाकणावर चित्र होतं, शाफ्टभोवती गुंडाळल्या जाणाऱ्या माणसाचं. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळावं असं.

आबांना, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांना, ते झाकण पहिल्या नजरेतच खटकलं. ग्रीस मारायला आडवं येतं, आपल्याकडे कुणीच ठेवत नाही, असं म्हणत त्यांनी पाना मागवला आणि ते काढायला लावलं. मग उघड्या शाफ्टला हळदकुंकू वाहिलं, यंत्राला काळी बाहुली बांधली, नारळ फोडला. गावाच्या नजरेपासून यंत्राचा बंदोबस्त चोख झाला. चालवणाऱ्याचं काय, असं मी विचारलं. तर आबा म्हणाले, सूनबाई आता मेस्त्री झाल्या. सगळे हसले. माझे यजमानही हसले, त्याचा राग मला आजही आहे.

आमच्याकडे सत्कार म्हणजे टोपी आणि रुमाल. लग्न असो, निवडणूक असो, रुमाल गळ्यात पडल्याशिवाय माणसाचं काही झालं असं कुणी मानत नाही. रुमालही हातभर नव्हे, चांगला गुडघ्यापर्यंत रुळणारा. नवीन यंत्राचा पहिला फेरा मारणाऱ्यालाही तो घालतात. आबांनी यांच्या गळ्यात घातला आणि बजावलं, "आज रुमाल काढानं नही. चांगला दिन शे."

शेतात पोचल्यावर थोड्याच वेळात पऱ्हाटी यंत्रात अडकली. खाली उतरण्याआधी शाफ्ट बंद करायला हवा, हे यांना माहीत नव्हतं असं नाही. पण बांधावर सगळे बघत उभे होते. शाफ्ट थांबला की लगेच कुणीतरी म्हणणार, नवं यंत्र आणि पहिल्याच फेऱ्यात बंद पडलं. आबांची शोभा होऊ नये म्हणून हे चालू यंत्रापाशी उतरले आणि वाकले. रुमालाचं टोक शाफ्टने पकडलं. गळा सोडवायला यांनी उजवा हात घातला. रुमाल फाटला, गळा वाचला, हात गेला. मी चहाची किटली घेऊन बांधावरच होते. ट्रॅक्टर कुणी बंद केला, ते मला आठवत नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात कोपराखालचा हात काढावा लागला. तिथेच देवपूरला बहिणीकडे राहून मी डबा नेत असे. भेटायला येणारे खाटेपाशी बसून एकच सांगत, नजर लागली. यंत्र चांगलं होतं, लोकांच्या डोळ्यांवर आलं. एवढी अक्कल पाजळून जाताना केळी ठेवून जात. ती केळी मी खाल्ली नाहीत. आबांनी तेवढ्यात यंत्राला दुसरी बाहुली बांधल्याचंही कळलं. मी घरी परतले तेव्हा ते पिवळं झाकण गोठ्यात उलटं पडलेलं होतं आणि त्यात कोंबड्यांसाठी पाणी भरलेलं होतं. मी कोंबड्या हाकलल्या, झाकण घासलं आणि शेजारच्या गावातून मेस्त्री बोलावून ते बसवून घेतलं. ग्रीस मारायला अडचण काही आली नाही.

पण मला खरा संताप आला तो यांचा. जो येईल त्याला हे सांगायचे, नशिबात होतं. मी म्हणायचे, नशीब पाना घेऊन अंगणात उभं होतं, तुम्ही पाहिलंत. हे डाव्या हाताने भाकरी मोडायला शिकले, शर्टाची बटणं लावायला शिकले, पण आबांविरुद्ध एक शब्द कधी काढला नाही. आबा अपराधी वाटून घेत होते का? मुळीच नाही. ते आधीसारखेच ओट्यावर येऊन चहा घ्यायचे.

यंदा गल्लीत दुसऱ्याकडे तसंच यंत्र आलं. तसंच अंगण, तेच आबा, झाकण काढून भिंतीला टेकवलेलं. चालवणारा दोन लेकरांचा बाप, नुकता कामावर ठेवलेला, ट्रॅक्टरवर चढून बसलेला. आबांनी त्याच्या गळ्यात रुमाल घातला आणि नारळ फोडायला आम्हालाच पुढे बोलावलं, जुने यंत्रवाले म्हणून. माझ्या जिभेवर खूप काही आलं होतं. पण हे माझ्या आधी उठले. त्यांची उजवी बाही रिकामी लोंबत होती. त्यांनी डाव्या हाताने त्या माणसाच्या गळ्यातला रुमाल काढला आणि आबांच्या खांद्यावर ठेवला.

"आबा, पहिले झाकण बसाडा," ते म्हणाले. "मंग नारय फोडा."

कुणी हसलं नाही. चालवणारा स्वतःच ट्रॅक्टरवरून उतरला आणि भिंतीपाशी जाऊन झाकण उचलून घेऊन आला. ते पक्कं बसेपर्यंत आबा हातात नारळ धरून उन्हात उभे होते.