परकराची गाठ

माझ्या सुनेचं काम मी बुडवता बुडवता राहिले. मुद्दाम नव्हे. मुद्दाम केलं असतं तर नीट केलं असतं.

माझी सून रंजना नळाची कामं करते. महाडला एसटीने जाऊन येऊन तीन महिने शिकली. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाईपातून आपोआप टाकीत उतरतं. ही लाईन सांभाळायला ग्रामपंचायतीला माणूस हवा होता. रंजनाने अर्ज केला.

सरपंच म्हणाले, "बाईमाणसानं पाना धरलेला आम्ही बघितला नाय. लाईन रिकामी कर, धू, नि बाराच्या आत टाकीत पाणी पाड. जमलं तर काम तुझं, नाय तर दगडूचं."

दगडू म्हणजे महाडचा प्लंबर. तो सकाळपासूनच टाकीच्या कठड्यावर बसून होता. (बसण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही.)

नऊला रंजनाने लाईन रिकामी केली. दहाला वरून पाणी सोडलं. साडेदहा झाले तरी टाकीत थेंब नाही. बायका हंडे घेऊन उभ्या. कुणी बोलेना, म्हणजे सगळ्या मनात बोलत होत्या.

"वहिनी, भाकऱ्या थापायच्या ऱ्हायल्या असतील ना घरी?" दगडू म्हणाला.

"तुझ्या घरी तुझी बायको थापतेय, म्हणून तुला बसायला वेळ हाय," मी म्हटलं.

रंजना पाईपाला कान लावत, एकेक सांधा चाचपत अर्ध्या चढापर्यंत गेली आणि अकराला कोपरापर्यंत चिखल घेऊन पाना न्यायला खाली आली.

"आई, पाईप कुठं फुटला नाय. वर हवा अडकलीय."

"अडकायला हवा काय म्हैस हाय?"

"पाईपात अडकते. म्हणून चढावर हवेचा वॉल्व लावलाय. पाणी आलं की आधी तिथून फुसफुसत हवा निघते. आज आवाजच नाय."

"कुठं हाय तो?"

"आंब्याखाली."

आंब्याखाली तर मीच जाऊन आले होते.

आदल्या दिवशी मी गवत कापायला गेले होते. आंब्याखाली पाईपावर एक लोखंडी बोंड फुसफुसत होतं, मधूनच पाणी थुंकत होतं. म्हटलं, उद्या सुनेची परीक्षा आणि हिची लाईन गळतेय, लोक शेण घालतील तोंडात! त्याच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली, वरून जुन्या परकराची पट्टी आवळली. कुणाला सांगितलं नाही. उपकार करून बोलून दाखवायची मला सवय नाही.

इकडे दगडू करवत घेऊन उठला. "पाईप तुंबलाय, सरपंच. कापायलाच लागंल."

रंजनाने पाईपावर पाय ठेवला. "बारापर्यंत लाईन माझी हाय. हात लावू नको."

दोघांची जुंपली. तेवढ्यात मी तांब्या उचलला आणि चढण धरली. सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या. तांब्या घेतलेल्या म्हातारीला कुणी अडवत नाही.

वाटलं, गुपचूप सोडीन आणि परत येईन. पण गाठ सुटेना. नखं लावली. दात लावले, होते तेवढे. पावणेबारा झाले असतील, आणि मागून आवाज आला.

"आई, हे काय करताय?"

"सोडवतेय."

"बांधलं कुणी?"

मी आंब्याकडे बघितलं. आंबा काही बोलला नाही.

रंजनाने पट्टी कापली, पान्याच्या दोन टोल्यांत खुंटी उडवली. असा फूत्कार निघाला की मी तांब्यासकट गवतात बसले. हवा गेली, पाईप गुरगुरला आणि बाराला पाच कमी असताना टाकीत धार पडली.

आम्ही खाली टाकीशी आलो, पण दगडू काही गप्प बसणारा नव्हे. "काय बिघडलं होतं ते तरी कळू दे."

"हवा अडकली होती," रंजना म्हणाली.

"कशानं? वॉल्व तुंबला नि तुला पत्ता नाय? मग लाईन काय सांभाळणार तू?"

सरपंचांनी कपाळाला आठ्या घातल्या. रंजना माझं नाव काही घेईना. मग मीच पट्टी वर धरली, फुलाफुलांची.

"तिला पत्ता कसा लागंल? मी कोंबलं. परकर माझा हाय. आणखी कुणाला काय विचारायचंय?"

बायका इतक्या हसल्या की हंडे एकमेकांवर आपटले. सरपंचांनी तोंडावर रुमाल धरून रंजनाला काम दिलं. "काय अडचण असली तर आताच सांग," म्हणाले.

"एकच हाय," रंजना म्हणाली. "ती घरची हाय."

सरपंचांनी वहीत तसं लिहून घेतलं. वाडीच्या लाईनीवर काम करणारी पहिली बाई म्हणून माझ्या सुनेचं नाव लागलं. त्या लाईनीच्या वीस पावलांत फिरकायला मनाई झालेली पहिली बाई म्हणून खालच्याच ओळीत माझं.