पालथा घातलेला पत्रा

मेंढपाळाने ढगांवर डूख धरावा, म्हणजे काय वेळ आली असेल बघा. बंकटने धरलाय.

पाटोद्याकडच्या डोंगरात त्याची वस्ती आहे. चार घरं, मेंढवाडा आणि बापाची समाधी. खालच्या ओढ्यावर तलाव होणार होता आणि जुन्या नकाशानुसार वस्ती पाण्यात जात होती. नकाशा चुकलाय, वस्ती वर आहे, असा वस्तीवाल्यांनी एवढा धोशा लावला की शेवटी विमानातून रडारने डोंगर नव्याने मोजायचं ठरलं.

सर्वेवाल्या अमरसिंहांनी वस्तीवर तीन पत्रे जोडून केलेला एक कोपरा आभाळाकडे तोंड करून बसवला. "विमानातून आलेली लहर यावर आपटून परत जाते. चित्रात हा ठिपका चमकला, तरच इथली उंची पक्की धरता येईल. हलवायचा नाही," त्यांनी बजावलं. राखण बंकटकडे आली. तो त्याला शेळीचं शिंगसुद्धा लागू देत नव्हता.

मग एक दिवस आभाळ गच्च भरलं. अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा. नुकतीच जन्मलेली कोकरं उघड्यावर काकडत होती. मेंढके अशा वेळी कोकरं डालग्याखाली झाकतात, पण डालगी पुरेनात. बंकटने पत्र्याचा कोपरा उचलला आणि कोकरांवर पालथा घातला.

"आवं, इमान आलं म्हंजे?" बायको दगडाबाई म्हणाली.

"एवढ्या ढगात इमानाला काय दिसतंय? उघडलं की ठिवतो परत."

थोड्या वेळाने वर घरघरलं. बंकटला वाटलं, गडगडतंय.

रडारला ढग आडवे येत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हलवू नको म्हणणारे पुष्कळ असतात, का ते सांगायला कुणाला वेळ नसतो. मला याचीच चीड येते.

चित्रात सगळा डोंगर आला, वस्तीचा ठिपका तेवढा नव्हता. त्या बाजूला जुन्या नकाशातलीच पाण्याची रेघ कायम झाली, म्हणजे वस्ती बुडणारच. बंकट धावत पाटोद्याला गेला आणि अमरसिंहांचे पाय धरले. "सायेब, चूक माझी हाय, वस्तीची न्हाई. एकडाव फिरवा की इमान."

"माझ्या हातात नाही, बंकटराव. विमान कधीच परत गेलं."

बंकट अजून रोज तो पत्रा पुसतो, तोंड आभाळाकडे करून ठेवतो. ढग आले की हातातलं काम टाकून वर बघत उभा राहतो. आता काही उपयोग नाही, हे त्यालाही कळतं.

कोकरं मात्र सगळी जगली. परवा ती पत्र्याभोवती उड्या मारत होती, तेव्हा दगडाबाई म्हणाली, "जगवली खरी. आता बांधायची कुठं?"

बंकटने एक कोकरू उचलून पोटाशी धरलं आणि तो रडायला लागला.