पहिली फेरी तुळजापूरची
आमच्या माकणीत एवढी मोठी गाडी कुणाकडंच नव्हती, म्हणून मी ती बुक केली. बायकोला मात्र सांगितलं, घरच्यांच्या सोयीसाठी. शोरूमवाले दर वेळी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचे आणि गावात भेटेल तो विचारायचा, "काय, आली का न्हाय गाडी?" लाज झाकायला मी प्रत्येकाला म्हणायचो, "आली की पहिली तुळजापूरला न्यायची. तुम्ही यायचं बरं का!" देवीचं बोलावणं आमच्याकडं कुणी मोडत नाही, एवढं साधं मला कळायला हवं होतं.

शेवटी गाडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बघतो तर चुलते, चुलती, सासरे, सासूबाई आणि शेजारचे काका अंघोळी करून, नारळ घेऊन हजर! गाडी सात सीटांची आणि ऑटोमॅटिक. ती चालवता येते फक्त मेहुण्याला, म्हणून तो स्टिअरिंगवर. उरलेली एक जागा बायकोनं धरली. आता 'उतरा' म्हणणार कुणाला? मी जुनी मोटारसायकल काढली आणि माझ्याच गाडीची धूळ खात तुळजापूर गाठलं.

पुजाऱ्यांनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला. मी हेल्मेट काखेत मारून घाईघाईनं पुढं झालो.

"जरा बाजूला व्हा की," ते म्हणाले, "मालकांना नारळ फोडू द्या."

मेहुण्यानं एका फटक्यात फोडला.