कानमिस्त्री

आमच्या ह्यांना सगळे कानमिस्त्री म्हणायचे. एकाच गॅरेजात पस्तीस वर्षं काढली, आणि गाडी उघडायच्या आधीच तिचा आजार सांगणार. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ बाकीच्यांनी गप्प बसायचं, मालकानंसुद्धा. लग्नानंतर लोक बायकोला फिरायला नेतात. ह्यांनी मला गॅरेजात नेलं आणि पेचकस माझ्या कानाला लावला. "वरून टिकटिक आली तर घाबरायचं नाही. पोटातून ठकठक आली, की इंजिन मेलं समज." मी म्हटलं, "अहो, मला काय करायचंय हे शिकून?" पण डोक्यात बसलं ते बसलंच.

दोन वर्षांपूर्वी ते कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग दारावरची बेल, मग मी. बादली भरून पाणी घरभर पसरलंय आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत! "लक्ष नव्हतं गं." दर वेळी तेच. मी चिडायचे, भांडी आपटायचे, आणि आपटलेली ऐकू येत नाहीत म्हणून आणखी चिडायचे. पण 'तुम्हाला ऐकू येत नाही' हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. कानाच्या जिवावर जगलेल्या माणसाला ते सांगायचं कसं? त्यांनीही कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या घरात ती मूठ आम्ही दोघांनी मिळून झाकली होती.

गॅरेजात ते तळव्यावर निभावून न्यायचे. इंजिनावर हात ठेवला की थरथरीवरून बरंच कळायचं, पेचकस नुसता दाखवायला. तरी मालकाच्या मनात पाल चुकचुकलीच. "वहिनी, मिस्त्रींना हल्ली हाक ऐकू जात नाही का हो?" मी म्हटलं, "माझं तरी कुठे ऐकतात!" तो हसला, पण पुरतं नाही. बहिरा मिस्त्री कोण ठेवणार? उद्या ह्याला खात्री पटली तर परवा हे घरी, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आणि नेमकं तेव्हाच इंजिन घ्यायचं ठरलं. आमच्या घरामागे एक जुनी गाडी होती, भंगाराच्या भावात घेतलेली, बिनइंजिनाची. सहा वर्षं सुट्टीचा एकेक दिवस घालून ह्यांनी पत्रा ठोकला, रंग मारला, वायरी ओढल्या. सीटची कव्हरं मी शिवली. फक्त इंजिन राहिलं होतं. मालक म्हणाला, "मिस्त्री, माझा ट्रक घेऊन जाऊ, मीही येतो." हे मला म्हणाले, "तूही चल." मला कधी कुठे नेत नाहीत, म्हणून मी खुशीत निघाले. मूर्ख मी.

भंगारवाल्याच्या आवारात अपघातातल्या गाड्या एकावर एक रचलेल्या होत्या. त्यानं एक इंजिन लोखंडी घोड्यावर, म्हणजे पायांच्या चौकटीवर, बांधून ठेवलं होतं. मी सहज हात लावला तर कोमट. म्हणजे आम्ही यायच्या आधीच चालवून गरम केलेलं. गार इंजिन सुरू होताना खरं बोलतं, हेही ह्यांनीच शिकवलेलं. भंगारवाल्यानं ते सुरू केलं. घोडा, जमीन, सगळंच थरथरायला लागलं. तिथे तळव्याला काय कळणार? ह्यांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले. आणि मला ऐकू आली. पोटातून, बारीक, पण ठकठकच.

हे मान डोलवत होते.

भंगारवाला त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यानं मागे जाऊन एक जड पाना पत्र्यावर टाकला. मी दचकले, मालक दचकला, ट्रकचा ड्रायव्हर शिवी देऊन उडाला. हे जागचे हलले नाहीत. मालकाच्या कपाळाला आठी पडली. मी घाईघाईनं बोलून गेले, "त्यांचं असंच आहे हो. एकदा इंजिनात मन गेलं, की आभाळ कोसळलं तरी पत्ता नसतो." मालकाची आठी जरा सैल झाली. भंगारवाला मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, माल चांगलाय ना? की मी मालकांना काही सांगू?" मेल्याला सगळं कळलं होतं. माझा हात दगडाखाली सापडला.

तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय गं? घेऊ का?"

साऱ्या संसारात ह्या माणसानं इंजिनाबद्दल मला कधी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघत होते, पोरासारखे. मालक बघत होता, भंगारवाला बघत होता. मी म्हटलं, "घ्या की. छान आहे."

इंजिन बसवलं. तीन दिवस गाडी चालली. हे शीळ घालत चालवायचे, बेसूर, आणि शेजारी बसून मी ती ठकठक वाढताना ऐकायचे. किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं! चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर मोठा धडाका झाला आणि गाडी थांबली. ह्यांनी झाकण उघडलं. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं, त्यातून तेल रस्त्यावर वाहत होतं. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं, फडक्याला पुसलं.

"तुला तिथेच ऐकू आलं होतं ना?"

मी होकाराची मान हलवली.

"मग?"

"मालक समोर होता हो. तुमचं काम गेलं असतं. तुमचं नाव..."

"नावाचं मी बघितलं असतं," ते म्हणाले. "कान गेल्याचं तुला कधीपासून माहीत आहे, ते मला माहीत होतं. म्हणून तर तुला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाकडे कान मागितला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते साध्या आवाजात बोलले, आणि गाडी ढकलायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला स्वतःच सांगून टाकलं आणि पेचकस तिथेच ठेवून आले. मालक मला भेटून म्हणाला, "आधी कळलं असतं तर रंगाच्या कामावर ठेवलं असतं. आता फुटक्या इंजिनाची गोष्ट गावभर झालीय, वहिनी."

आता हे दिवसभर घरीच असतात. समोरच्याचे ओठ बघून त्यांना बोलणं बरंचसं समजतं. शेजाऱ्यांशी बोलतात, दूधवाल्याशी हसतातसुद्धा. मी बोलायला लागले, की भिंतीकडे तोंड करतात.