घंटी वाजेपर्यंत डोळे मिटायचे

आमच्या मंडळीत शिस्त राखायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं होतं. मानोऱ्याकडच्या आमच्या गावात चर्चची इमारत नाही. दर रविवारी एकेकाच्या घरी सतरंजी पडते, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, आणि महिन्यातून एकदा पाळक तालुक्याहून मोटारसायकलवर येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, देतात. तेव्हा मी पन्नाशीची होते, नवीनच सासू झाले होते, आणि घरी सून ऐकत नसल्यामुळे माझा सगळा अंमल उपासनेवर चाले.

मोबाईल दारातच माझ्या पिठाच्या रिकाम्या डब्यात पडायचे. खोकला आला तर पदर तोंडात. आणि सगळ्यात मोठा नियम प्रार्थनेचा. आमच्याकडे सगळे एकदमच, मोठ्याने, आपापली प्रार्थना करतात आणि पाळकांनी पितळेची छोटी घंटी वाजवली की थांबतात. घंटी वाजेपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, हे मी ठरवलं होतं. आता कुणी उघडतंय का, हे पाहायला कुणाचे तरी डोळे उघडे हवेत ना? ते माझे असत. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या शहाण्या बाईच्या डोक्यात कधी आली नाही.

आली ती माझ्या नातीच्या, लेकीच्या पाच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात. एका रविवारी भर मंडळीत तिने विचारलं, "आजी, तू कोनाशी बोलते? देव तर वर हाय, तू तर बायाईकडे पाहून राह्यली." पुरुषांच्या बाजूनेसुद्धा हसू आलं. मी ठरवलं, पुढच्या रविवारी डोळे असे मिटायचे की मंडळीने बघत राहावं. सगळ्यांचेच डोळे मिटल्यावर मंडळी बघणार कशी, हा विचारही तेव्हा सुचला नाही.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता आणि उपासना एका एकट्या बाईच्या घरी होती. नवरा नाही, लेक सासरी. दोन बकऱ्या होत्या, त्यातली एक महिन्यापूर्वीच रोगाने गेली. उरलेली गाभण होती आणि घरामागच्या छपरात बांधलेली होती. आम्ही गाणं सुरू केलं आणि तिकडून बकरी ओरडायला लागली.

बाई उठली. मी पदर धरून तिला खाली बसवलं.

"कायले उठून राह्यली?"

"काकू, बकरी अडली. मले जाऊ द्या न."

"बकऱ्या काय आजच व्यायले लागल्या? बस. घरधनीनच उठली तं बाकीचे काय करतीन?"

ती बसली. बकरी पुन्हा ओरडली, तशी मी आवाज चढवला. माझा आवाज मुळात कर्कश. पण त्या दिवशी मी बकरीच्या वर गायले, आणि मला त्याचा अभिमान वाटला. पदर मात्र सोडला नाही. गाणं संपलं, प्रार्थना सुरू झाली, मला हात जोडायचे होते म्हणून सोडला.

मग मी डोळे घट्ट मिटले. चहूकडून आवाज उठले. मी मागितलं, प्रभू, त्या मुक्या जनावराला शांत कर, तुझ्या उपासनेत विघ्न येऊन राह्यलं. थोड्या वेळाने बकरीचा आवाज बंद झाला. माझं एवढ्या लवकर ऐकलं गेलं, असं कधी झालं नव्हतं.

घंटी काही वाजेना. माझं सगळ्या घरासाठी मागून झालं. मग माहेरासाठी, मग नंदेच्या दिरासाठी, ज्याला मी आयुष्यात दोनदा पाहिलं. मागची एक बाई तूर आणि सोयाबीनसाठी मागून आता हरभऱ्यावर आली होती. पुरुषांकडे एक जण नुसतं "हे प्रभू, हे प्रभू" म्हणत होता, त्याचं मागणं संपलं होतं. घसे बसले, तरी कुणी डोळे उघडीना. नियमच तसा होता.

शेवटी मी एक डोळा उघडला.

पाळकांची खुर्ची रिकामी. खुर्चीवर घंटी. माझ्या बाजूची घरधनीन नाही. आणि पुढे चाळीसेक माणसं डोळे मिटून रिकाम्या खुर्चीसमोर बोलत होती.

मी मागच्या दारी गेले. पाळक मातीत गुडघे टेकून बसले होते, पांढरी बाही कोपरापर्यंत वर, हात रक्ताने माखलेला. घरधनीन बकरीचं डोकं मांडीवर धरून होती. एक पिल्लू गवतावर पडलं होतं, ओलं, न हलणारं. दुसरं पाळकांच्या हातात होतं. ते फडक्याने त्याला चोळत होते.

पाळक वर न बघता म्हणाले, "मी बकऱ्यावाल्याच्या घरचा, म्हणून जमलं. पहिलं आडवं आलं होतं. थोडं आधी हात लागला असता..." दुसऱ्या पिल्लाने मान हलवली. बकरीने ते चाटायला घेतलं.

मी आत आले. घंटी मीच वाजवली. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पाळक हात धुऊन आले. बाहीवर कोपराजवळ डाग तसाच होता. घरधनीनही माझ्या शेजारी येऊन बसली, डोक्यावर पदर घेतला. मी कुजबुजले, "बकरी वाचली न?"

"वाचली," ती समोर बघत म्हणाली. "काकू, तुमी आज डोये मिटले, म्हणून मले उठता आलं. रोजच्यासारखे उघडे असते तं दोनी पिल्लं गेली असती, अन् बकरीबी."

तिने रागाने म्हटलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे तेव्हा प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. पण ती नुसतं झालं ते सांगत होती.

पाळक भाकर घेऊन बायांच्या रांगेत आले. माझ्यासमोर ताट धरलं. ज्या हाताने तिचा पदर धरला होता तो हात माझ्या मांडीवरून उचलेना. पाळक ताट धरून थांबले. शेजारून कोपर लागलं.

"घ्या न काकू," ती म्हणाली. "मांगच्या बाया थांबल्या."

मी घेतली.