कारखान्याला न मिळालेला डॉक्टर

बातमी कळली तेव्हा मी कोल्हारच्या एसटी स्टँडवर भजी खात होतो. नगरहून आलेल्या गाडीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा; तो खिडकीतूनच ओरडला, "ओ बॅगवाले, तुमचे दाजी गेले हो... छातीत कळ आली म्हणं." माझ्या तोंडून जे निघालं ते जसंच्या तसं लिहितो. "गेले का एकदाचे! ताई सुटली माझी." भजीवाल्याच्या हातातला झारा कढईत पडला. दोन-चार प्रवासी माझ्यापासून लांब सरकले. मग मी औषधांच्या नमुन्यांच्या बॅगेवर बसलो, आणि ज्या गाडीनं परत जायचं ती डोळ्यांसमोरून निघून गेली तरी बसूनच राहिलो...

दाजी म्हणजे डॉक्टर दिगंबर, माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे यजमान. कर्जत तालुक्यातल्या एका गावात त्यांचा दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते लोक कौतुक समजून मला हार घालायला येतील. दाजींचा आवाज असा, की खोकला घेऊन आलेला माणूस खोकायचं विसरायचा आणि शेजारच्या गोठ्यातली म्हैस दोन दिवस आटायची. पेशंटला धीर द्यायची त्यांची पद्धत म्हणजे, "मरत नाहीस तू, मरायलाही अक्कल लागते." हट्टी, तिरसट आणि गर्विष्ठ. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी शोधतोय, सापडलं की कळवीन.

मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. कुठल्या डॉक्टरची खुर्ची रिकामी होतेय हे जिल्ह्यात कलेक्टरच्या आधी मला कळायचं. एका खाटेच्या दवाखान्यात ताईचं आयुष्य सरू नये म्हणून मी दाजींसाठी नोकऱ्या आणायचो, उपवर मुलीला स्थळं आणतात तशा. सरकारी आरोग्य केंद्र आणलं. "साहेबाची जीप दिसली की उभं राहायचं? माझे गुडघे दुखतात." विमा कंपनीची तपासणी आणली. "धडधाकट माणसाच्या छातीला नळी लावण्यापेक्षा भिंतीला लावतो, ती निदान ढेकर देत नाही." वर्गमित्रानं विलायतेला बोलावलं, तर म्हणाले, "तिकडं पेशंटला शिव्या देता येत नाहीत. मग बरा कसा करायचा?" पडद्याआड चहा करणारी ताई सगळं ऐकायची. कप मात्र जरा जोरात ठेवायची.

मग दुष्काळ पडला. गावच्या विहिरीत एवढी धूळ, की बादली सोडली तर वर येताना शिंकायची. टँकरनं विहिरीत ओतलेलं पाणी शेंदायला ताई उजाडायच्या आधीपासून रांगेत उभी. अशात उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याला डॉक्टर हवा असल्याचं मला कळलं. राहायला क्वार्टर, घरात नळ, म्हातारपणी फंड. दाजींनी नेहमीप्रमाणे नाक मुरडलं. तेव्हा ताई पडदा सारून पहिल्यांदा बाहेर आली. "तुम्ही राहा इथं. मी बापूबरोबर जाते." बापू म्हणजे मी. दाजी बराच वेळ तिच्या हातांकडे बघत बसले. दोरानं सोलवटलेले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला आणि ताईनं ट्रंक भरायला काढली.

आता आपल्याकडे रीत अशी, की सोयरीक करायची तर मुलाच्या गावात जाऊन चार लोकांना विचारायचं. कारखान्यानंही तेच केलं. एक संचालक जीप घेऊन आले आणि पारावर बसले. डॉक्टर चालला हा वास गावाला लागलाच होता. ठरलेलं लग्न मोडायला भावकी जमते तसं गाव जमलं. सरपंच तात्या हळहळत म्हणाले, "मानूस लाखात एक हाय... शुद्धीवर असला म्हंजे." नामदेव म्हणाला, "सकाळी धारा काढायच्या आत बाटली लागती त्याला." ज्याचा पोरगा दाजींनी कॉलऱ्यातून ओढून काढला, तोच हा नामदेव! एक म्हातारी तर रडलीच, "माज्या मालकाची सुई खाटंला टोचली वो त्यानं." मी मध्ये पडून ओरडलो, "धादांत खोटं बोलतायत हे!" संचालक शांतपणे म्हणाले, "तुमी मेव्हनं. तुमी असंच म्हननार."

तरी माणूस न्यायी. दवाखान्यात येऊन त्यांनी तोंडावरच विचारलं, "डॉक्टर, तुमी पिता म्हनं? खरं हाय का?" खिडकीच्या गजांना सगळं गाव लटकलेलं. दाजींनी एकेकाचं तोंड निरखलं. तात्यांनी मान खाली घातली. नामदेवानं बाहेरूनच हात जोडले. आतला पडदा हलला, ताईची बोटं दिसली... दाजींनी तिकडं पाहिलंच नाही.

"हो," ते म्हणाले. "पितो."

संचालक चहा अर्धा टाकून गेले. जीपची धूळ बसायच्या आत मी दाजींचा सदरा धरला. तर गृहस्थाचे डोळे भरलेले! "बापू, इतक्या वर्षांत एकानं धड चांगलं म्हटलं नाही रे मला. आज सगळं गाव माझ्यासाठी खोटं बोललं." मोरासारखे फुलले होते. बदनामीची लाच घेतली त्यांनी, आणि तिची किंमत मोजली ताईनं. आत ती ट्रंकेतली लुगडी एकेक करून परत फळीवर ठेवत होती. हे मी विसरणार नाही, आणि त्यांनी वर बसून विसरायला सांगितलं तरी नाही.

पारावरचं खोटं एसटीत बसून बाजारच्या गावी गेलं. डॉक्टर पितो म्हणून आजूबाजूच्या गावांचे पेशंट यायचे थांबले. गाव खूश, आता रांग नाही! त्यानंतर दोनेक वर्षांतच दाजींच्या छातीत कळ आली. ज्या गावानं डॉक्टर राखला, त्याच गावात डॉक्टरला बघायला डॉक्टर नव्हता. नामदेवानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून कर्जतकडं पळवलं. रस्ता निम्मा राहिला...

शोकसभेत तात्या 'देवमाणूस' म्हणाले, वेशीला दाजींच्या नावाची कमान बांधू म्हणाले, आणि सभा उठल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं जिल्हाभर फिरनं हाय. नवा डॉक्टर बघा की. नोकरीच्या मागं लागनारा नको." ताईनं दवाखान्याला कुलूप घातलं आणि ती माझ्याबरोबर नगरला आली.

परवा तिचं शिवणाचं मशीन आणायला मी त्या गावी गेलो. गजातून आत पाहिलं. खुर्ची तशीच, तिच्या पाठीवर नळी टांगलेली, पेशंटचं बाकडं भिंतीशी. बाहेर पायरीवर सवयीनं पाच-सहा जण येऊन बसलेले. नामदेव त्यातच, मांडीवर तापलेलं पोर.

"पाव्हनं, उगडता का जरा? एखादी गोळी आसंल आत."

"उघडून काय करता?" मी म्हणालो. "डॉक्टर पिऊन पडलेत."

तो पोरासकट ताडकन उठला. "तोंड सांबाळा! थेंबाला शिवला न्हाई आमचा डॉक्टर जल्मात!"

"जरा मोठ्यानं बोला, नामदेवराव," मी म्हणालो. "उत्तरेकडं कारखान्यात ऐकू गेलं नाही."